सामाईक पेटी आणि खोलीतला स्टोव्ह

माझ्या चुलतभावाचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गेल्या महिन्यात त्याने मला साडेतीन पानांचा एक मसुदा वाचायला पाठवला. तो आणि त्याचे चार मित्र, अशी पाच कुटुंबे मुळशीच्या बाजूला जमीन घेऊन एकत्र राहणार आहेत, आणि पाचही घरांची कमाई एकाच खात्यात जमा करणार आहेत. ‘आत्या, तू अशाच घरात वाढलीस. हे चालेल का, एवढंच सांग,’ असे त्याने शेवटी लिहिले होते. मी दोनदा उत्तर लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा ते पुसून टाकले, कारण ‘चालेल’ म्हटले तरी ते खोटे ठरले असते आणि ‘नाही चालणार’ म्हटले तरी.

तासगाव तालुक्यातल्या आमच्या घरात १९९९ सालापर्यंत एक चूल होती आणि पानावर एकोणीस माणसे असत. थोरले काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, माझे वडील द्राक्षबाग आणि ऊस पाहत आणि धाकटे काका सूतगिरणीत कामाला होते. तिघेही मिळालेला पैसा आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या हातात आणून देत. अण्णा तो पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि पेटीची किल्ली बंडीच्या आतल्या खिशात. चपला तुटल्या, वह्या संपल्या, माहेरी जायचे आहे, दवाखान्यात दाखवायचे आहे, असे काहीही असले तरी अण्णांकडे मागावे लागे, आणि ते देतही असत. अण्णा कंजूष नव्हते. पण मागताना कारण सांगावे लागे, आणि ते कारण पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाई. मुलांना त्याचे काही वाटत नसे. पस्तीस वर्षांच्या बाईला ब्लाउजच्या कापडासाठी सासऱ्यांपुढे उभे राहताना काय वाटत असेल, हे मला फार उशिरा कळले.

याच काळात आमच्या बागेत ठिबकच्या नळ्या आल्या. ते तंत्र इस्रायलचे आहे एवढे गावात सगळ्यांना ठाऊक होते. ते एका सामाईक पेटीतून निघालेले आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. नेगेव्हच्या वाळवंटातल्या हात्सेरिम नावाच्या किबुत्झने, म्हणजे जमीन आणि कमाई सामाईक ठेवणाऱ्या वस्तीने, सिम्खा ब्लास या अभियंत्याबरोबर १९६५ साली नेटाफिम ही कंपनी काढली, आणि पुढे आणखी दोन किबुत्झ तिच्यात भागीदार झाले. कंपनीचा नफा कोणा एकाचा नसून सगळ्या वस्तीचा असे. मी नंतर किबुत्झविषयी मिळेल ते वाचत गेले, त्याचे कारण कुतूहल कमी आणि घर जास्त होते. आमचे घर का मोडले याचे उत्तर नात्यातला प्रत्येक माणूस वेगळे देतो, आणि प्रत्येकाच्या उत्तरात दुसऱ्या कोणाची तरी बायको असते. तिकडे निदान लोकांनी हिशेब मांडून ठेवलेले आहेत.

पहिले किबुत्झ, देगानिया, १९१० साली गॅलिली सरोवराच्या दक्षिण काठावर दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी वसवले. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीने घेतलेली होती, त्यामुळे ती कोणाच्याच नावावर नव्हती. पगार नाही, जेवण एका भोजनगृहात, कपडे एका धुलाईघरात, आणि पुढच्या बहुतेक किबुत्झांत तर मुलेही आईबापांच्या खोलीत न झोपता बालगृहात झोपणार. ‘ज्याच्याकडून झेपेल तेवढे घ्यावे आणि ज्याला लागेल तेवढे द्यावे’ हे तत्त्व किबुत्झांत खरोखर अमलात होते. सुरुवातीच्या काळात तर धुलाईघरातून परत मिळणारा सदरा आपलाच असेल याचीही खात्री नसे. पुढे अशा वस्त्या वाढत जाऊन सुमारे २७० झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांत सव्वा लाखाच्या वर माणसे राहत होती. (ही समता ज्यूंपुरतीच होती, आणि १९४८ नंतर अनेक किबुत्झांना मिळालेली जमीन विस्थापित झालेल्या अरबांची होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. सामाईक पेटीभोवती नेहमी एक कुंपण असते आणि कुंपणाबाहेर कोण आहे, हा प्रश्न आत बसून सहसा सुचत नाही.)

कमाई एकत्र करायची म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग काम कोण करणार? हा आक्षेप मला फारसा पटत नाही. आमच्या घरात आळशी माणूस नव्हता असे नाही, एक होता आणि त्याचे नाव मी लिहिणार नाही. पण त्याच्यामुळे घर मोडले नाही. जिथे तीन वेळा एकाच ठिकाणी जेवायचे असते तिथे कोण उन्हात होते आणि कोण झाडाखाली, हे सगळ्यांना कळते, आणि भाकरी वाढणारा हात थोडा आखडला तरी माणसाला पुरेसे समजते. किबुत्झातही तेच. लोक कामचुकार होतात म्हणून ती व्यवस्था ढासळली, असे तिचा बारकाईने अभ्यास करणारेही म्हणत नाहीत. रान अब्रामित्स्की या अर्थशास्त्रज्ञाने त्या वस्त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला दिसले ते वेगळेच: ज्यांचे शिक्षण आणि कौशल्य जास्त, म्हणजे बाहेर ज्यांना जास्त पगार मिळू शकत होता, ते सोडून जाण्याचे प्रमाण अधिक होते, आणि जी किबुत्झे श्रीमंत होती ती समान वाटपाला जास्त काळ धरून राहिली. म्हणजे खालच्या टोकाला बसून खाणाऱ्याची भीती सगळ्यांना वाटत होती, पण गळती मात्र वरच्या टोकाला होती.

आमचे वरचे टोक म्हणजे थोरले काका. (त्याच्या आजोबांविषयी लिहिते आहे म्हणून माझ्या भाच्याने रागावू नये. ते घरातले सर्वांत सरळ गृहस्थ होते.) वीस वर्षे त्यांनी पगाराचे पाकीट न फोडता अण्णांच्या हातात दिले. नंतर पाचव्या वेतन आयोगाने पगार एकदम वाढला, वर मागची काही थकबाकीही मिळाली. द्राक्षाला त्या दोन वर्षांत भाव नव्हता. थकबाकीतून काकांनी सांगलीला एक प्लॉट घेतला आणि तो स्वतःच्या नावे केला. त्या संध्याकाळी अण्णांनी एकच विचारले, ‘कुणाच्या नावानं?’ काकांनी सांगितले. अण्णा ‘बरं’ म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. भांडण असे झालेच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला आपापला आकडा ठाऊक झाला: काका किती आणतात, बाग किती आणते, गिरणी किती देते.

ही थकबाकीची गोष्ट किबुत्झातही घडलेली आहे, आणि ती वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. १९५० च्या दशकात जर्मनीने नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंना भरपाई द्यायला सुरुवात केली. किबुत्झातल्या काही सभासदांना अशी रक्कम व्यक्तिशः मिळाली आणि वस्त्यावस्त्यांत वाद उभा राहिला. ज्याचे आईबाप मारले गेले त्याला त्यांच्यापायी मिळालेला पैसा सामाईक पेटीत टाकायचा की नाही? नियमाने पाहिले तर टाकायचा, कारण खासगी मालमत्ता नाहीच. पण हा नियम उच्चारताना सभेतल्या माणसांची जीभ कशी वळली असेल, याची कल्पना करवत नाही. काही ठिकाणी पैसा पेटीत गेला आणि त्यातून सार्वजनिक सभागृहे, पोहण्याचे तलाव झाले. काही ठिकाणी थोडा भाग सभासदाकडे राहू दिला. शेजारी ज्याला काहीच मिळाले नव्हते तो तेव्हा पहिल्यांदा गरीब झाला.

मोठ्या रकमांपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती किटली. किबुत्झात सभासदाने खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवावी की नाही, यावर खरोखर वाद झडले आहेत. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटे. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ते हास्यास्पद वाटणार नाही. १९९७ च्या पावसाळ्यात धाकट्या काकूने आपल्या खोलीत वातीचा स्टोव्ह आणून ठेवला. कारण रास्त होते, लहान मुलाला रात्री दूध गरम करून लागे आणि मध्यघरात झोपलेल्यांना ओलांडून चुलीपर्यंत जाणे नको वाटे. पण आठ दिवसांत दुपारी तिच्या खोलीतून चहाचा वास येऊ लागला. खोलीचे दार लोटलेले असे आणि खालच्या फटीतून रॉकेलचा वास आणि आल्याचा वास एकत्र बाहेर येई. कोणी काही बोलले नाही. तीन दिवसांनी आजी भाकरी थापता थापता, परातीतून नजर वर न करता म्हणाली, ‘रॉकेल कुठल्या पैशातलं?’ काकूने उत्तर दिले नाही. ते उत्तर माझ्या आईलाही ठाऊक होते, कारण आईचाही एक डबा होता, तुरीच्या डाळीत खाली पुरलेला, आणि त्यात गवऱ्या विकून आलेले सुटे पैसे असत.

सामाईक घरात खासगी पैसा असतोच, फक्त तो चोरीचा होतो. किबुत्झाच्या लोकांनी निदान हा प्रश्न उघडपणे सभेत आणला, हरले, पुन्हा आणला, आणि शेवटी किटली, मग रेडिओ, मग फ्रीज, मग दर सभासदाला ठराविक हातखर्च, असे एकेक पाऊल मागे घेतले. आमच्याकडे सभा नव्हती. आमच्याकडे अण्णा होते.

आता दुधाविषयी. घरात चार म्हशी होत्या आणि त्यांची शेणे, वैरण, धार हे सगळे आई आणि दोन काकू करत. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार होई. (दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगारच म्हणतात.) डेअरीचे खाते अण्णांच्या नावाने होते. अण्णांची जमाखर्चाची वही आजही माझ्याकडे आहे. तिच्यात ‘दूध बिल जमा’ अशी नोंद दर दहा दिवसांनी न चुकता आहे, आणि एकाही ठिकाणी धार काढणाऱ्या बाईचे नाव नाही. यात अण्णांचा दुष्टपणा नव्हता. थोरल्या काकांचा पगार, बागेचे पैसे, गिरणीचे पैसे असे लिहिताना कोणाचे ते लिहावे लागे, दुधाच्या बाबतीत तशी गरजच त्यांना भासली नाही. किबुत्झाने बाईला स्वयंपाक आणि मुले यांतून मोकळे करण्यासाठी भोजनगृह आणि बालगृह उभारले, हा माणसाने केलेला एक फार धाडसी प्रयोग आहे असे मी अजूनही मानते. पण काही वर्षांत त्या भोजनगृहात, धुलाईघरात आणि बालगृहात काम करताना दिसू लागल्या त्या बहुतेक बायकाच. फरक एवढाच की आता त्या शंभरांचा स्वयंपाक करत होत्या. मुलांनी रात्री आईबापांकडे झोपावे ही मागणी पुढे ज्यांनी लावून धरली त्यांतही आयाच पुढे होत्या, आणि विसावे शतक संपण्याआधी बालगृहातले झोपणे बंद झाले.

१९८४ मध्ये इस्रायलमधली महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या पुढे गेली. पुढच्या वर्षी सरकारने ती आवळली तेव्हा व्याजाचे दर चढले आणि कर्ज काढून कारखाने वाढवलेली किबुत्झे अडकली. पेटी रिकामी झाली, तरुण बाहेर पडू लागले. मग एकेका किबुत्झाने कामाप्रमाणे वेगवेगळे पगार द्यायला सुरुवात केली. ज्याला कमी मिळेल त्याला किमान आधार, बाकी ज्याचे त्याला. २००७ साली खुद्द देगानियाने तसे ठरवले. आज बहुसंख्य किबुत्झे याच पद्धतीने चालतात, जुन्या रीतीची मोजकीच उरली आहेत, आणि गंमत म्हणजे बदलानंतर वस्त्यांतली माणसे पुन्हा वाढू लागली.

पण ही व्यवस्था सत्तर-ऐंशी वर्षे टिकली कशी, हा प्रश्न मला मोडण्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. एक कारण असे की किबुत्झ सोडून जाणाऱ्याला जमिनीतला किंवा कारखान्यातला वाटा मिळत नसे. वीस वर्षे राबलेला माणूस जवळजवळ रिकाम्या हातांनी निघे, म्हणून पेटी भरलेली होती तोवर हुशार माणूसही आत राहण्यात आपले हित पाही. आमच्या हिंदू एकत्र कुटुंबाचे याच्या नेमके उलट आहे. मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या पद्धतीत सहदायकाला, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार असलेल्याला, वाटणी मागण्याचा हक्क आहे, म्हणजे आमची पेटी जन्मतः फुटण्याच्या तयारीनेच घडवलेली. जो जास्त कमावतो तो जाताना जमिनीचा तिसरा हिस्साही घेऊन जातो. मग तो कशाला थांबेल? आणि तरीही कितीतरी घरे दोन-दोन पिढ्या एकत्र राहिली याचे श्रेय संस्कारांना देण्याची आपल्याकडे चाल आहे. मला वाटते, बाहेर नोकऱ्या नव्हत्या. नोकऱ्या आल्या आणि सातबारा फुटले.

याबाबतीत मला सर्वांत शहाणे वाटतात ते हटराइट. सोळाव्या शतकात मोराव्हियात सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ १८७० च्या दशकात अमेरिकेत आला, आणि आज तिथे आणि कॅनडात मिळून त्यांच्या शेकडो वसाहती आहेत. खासगी मालमत्ता नाही, पगार नाही, आणि हे सगळे आजही चालू आहे. त्यांच्या श्रद्धेचा जाच मला सोसवणार नाही, बायकांना तिथे मत नाही हेही खरे. पण त्यांनी वाटणीला अपशकुन मानले नाही. वसाहत सव्वाशे-दीडशे माणसांच्या घरात गेली की ती दोन करायची, हे आधीपासून ठरलेले असते. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठवून नवी जमीन घेतात, घरे बांधतात, कुटुंबांच्या दोन याद्या करतात, आणि अनेक ठिकाणी कोणती यादी जाणार ते चिठ्ठी टाकून अगदी शेवटी ठरवण्याची रीत होती. कोण जाणार हे ठाऊक नसल्याने दोन्ही वाटे सारखेच चांगले करावे लागतात.

आमच्या वाटण्यांतही नियम तोच होता: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. १९९९ च्या मे महिन्यात अंगणात भांड्यांचे तीन ढीग मांडले होते. तांब्याचा मोठा हंडा एकच, म्हणून त्याच्या बदल्यात दोन पराती आणि पितळी घंगाळ. धाकट्या काकांनी मधला ढीग उचलला, वडिलांनी डावीकडचा. आईने आठ वर्षे जिची धार काढली ती म्हैस थोरल्या काकांच्या वाट्याला गेली आणि ते तिने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस वडिलांनी उरलेल्या म्हशीचे डेअरीचे खाते आईच्या नावाने उघडले, कारण स्वतःचे नाव लावण्याइतका वेळ त्यांना नव्हता. दहा दिवसांनी आईच्या हातात तिच्या नावाचे बिल आले. घर मोडल्याचे दुःख तिला होते, ती रडलीही होती; पण ते बिल तिने देवघरात ठेवले होते, हेही मी पाहिले आहे.

म्हणून भाच्याच्या मसुद्यात मी पहिली खूण केली ती ‘स्वयंपाक व इतर घरकाम सर्वजण मिळून करतील’ या ओळीवर. सर्वजण म्हणजे कोण, ते तासांत लिहा. व्हर्जिनियातल्या ट्विन ओक्स या १९६७ पासून कमाई एकत्र ठेवणाऱ्या वस्तीत भांडी घासण्याचा तास आणि हिशेब लिहिण्याचा तास सारखाच नोंदला जातो. ते रुक्ष वाटते, पण अण्णांच्या वहीपेक्षा पुष्कळ बरे. दुसरी खूण, सोडून जाणाऱ्याला काय मिळेल याबद्दल मसुद्यात अक्षरही नाही तिथे. पाच मित्रांना हा विषय अभद्र वाटला असावा. तिसरी, दर महिन्याला प्रत्येक माणसाला, म्हणजे बायकांनाही वेगळी, कारण न सांगता खर्चायची रक्कम. किटली ज्याची त्याला असू द्यावी. आणि सगळीच कमाई कशाला एकत्र हवी, असेही मी समासात लिहिले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने २०१३ साली ग्रामदान कायद्याखाली आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. तिथे मालकी गावाची झाली तरी कसणे आणि पीक ज्याचे त्याचे. विनोबांच्या ग्रामदानात ग्रामकोशासाठी, म्हणजे गावाच्या सामाईक निधीसाठी, मागितला होता तो पिकाचा चाळिसावा भाग. चाळिसावा भाग देताना कोणी कोणाच्या खोलीचा वास घेत नाही.

चौथी खूण मला सुचली ती सगळे वाचून झाल्यावर. त्या साडेतीन पानांत सर्वांत वडील माणूस छत्तीस वर्षांचा आहे. किबुत्झे अडचणीत आली तेव्हा म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची पुरेशी तरतूदच कित्येकांनी केलेली नव्हती, पुढची पिढी सांभाळेल हे गृहीत होते, आणि पुढची पिढी तेल अवीवला गेलेली होती.

आमच्याकडे वाटण्यांनंतर वर्षभरात अण्णा गेले. वारसनोंदीच्या वेळी माझ्या आत्याने तलाठ्यांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्र करून दिले, आणि आजीची पाळी ठरली: एकेक महिना एकेका मुलाकडे. जानेवारीपासून सुरुवात झाली होती, त्यामुळे फेब्रुवारी दर वेळी आमच्याकडे येई. दुसऱ्या वर्षी धाकट्या काकूने ते हसत हसत बोलून दाखवले, की तुमचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. आई तीन दिवस कोणाशी बोलली नाही. शेवटी आजीनेच तोडगा काढला, की इंग्रजी महिने नकोत, पाडव्यापासून अमावास्या ते अमावास्या मोजा, म्हणजे सगळे सारखे. तिघांनाही ते पटले. पण ते २००१ साल होते आणि त्या वर्षी आश्विन अधिक होता. अधिक महिना कोणाचा, असे थोरल्या काकांनी विचारले. आजी म्हणाली, ‘तो तुमच्यात नको, मी पोरीकडं जाते.’ आणि लुगड्याचे बोचके घेऊन ती आत्याकडे गेली.